प्रोसेस सिम्युलेशनचे पॅरामीटर कसे भरायचे: फोंड्यातल्या सोनेतारण काउंटरवरून

प्रोसेसचं चित्र काढायला फारसं शिकावं लागत नाही. गोल, चौकोन, बाण, मध्ये एक-दोन शंकरपाळ्याच्या आकाराचे गेटवे (जिथे वाट फुटते किंवा जुळते), की कोण काय करतं ते पानभर मांडून होतं. अडतं ते पुढे. सिम्युलेशनची, म्हणजे काढलेली प्रोसेस संगणकावर लुटुपुटूची चालवून बघायची, खिडकी उघडली की रिकाम्या चौकटी समोर येतात: किती जण येणार, किती वेळाने येणार, कामाला किती मिनिटं, माणसं किती, तासाला खर्च किती. नवखा माणूस इथे अंदाजाने आकडे ठोकतो, बटण दाबतो आणि आलेला रंगीत आलेख साहेबांपुढे ठेवतो. आलेख नेहमीच छान दिसतो, हीच अडचण आहे.

एक नियम आधीच सांगून ठेवतो: कामाचा वेळ तुम्ही भरायचा, थांबण्याचा वेळ सॉफ्टवेअरने काढायचा. पुढचं बरंचसं याच्यातूनच निघतं.

मी बिझागी मॉडेलर समोर धरून लिहितो आहे, कारण त्यात सिम्युलेशनच्या चार पायऱ्या ठरावीक क्रमाने येतात: प्रोसेस व्हॅलिडेशन, टाइम ॲनालिसिस, रिसोर्स ॲनालिसिस आणि कॅलेंडर ॲनालिसिस. शिकणाऱ्याला हा क्रम फार उपयोगी पडतो. तुमच्या ऑफिसात दुसरं सॉफ्टवेअर असेल तरी बिघडत नाही. चित्राची भाषा बीपीएमएन २.० सगळीकडे तीच (ती २०११ मध्ये आली, २०१३ मध्ये आयएसओ मानक झाली), आणि सिम्युलेशनचे पॅरामीटर कसे नोंदवायचे यासाठी बीपीसिम नावाचं वेगळं प्रमाण २०१३ पासून आहे. खिडक्यांची नावं बदलतात, चौकटींचा अर्थ बदलत नाही.

उदाहरणाला फोंडा बाजारातल्या एका पतसंस्थेचं सोनेतारण कर्जाचं काउंटर घेऊ. संस्था काल्पनिक आहे आणि आकडे हिशेबाला सोपे पडावेत असे घेतलेत. कामाची पद्धत मात्र कुठल्याही पतसंस्थेत दिसेल अशीच. ग्राहक येतो, क्लार्क आधार, पॅन आणि सभासद क्रमांक तपासतो. कागद कमी असतील तर परत पाठवतो. पुरे असतील तर दागिना व्हॅल्युअरकडे जातो. हा व्हॅल्युअर म्हणजे बाजारातलाच एक सोनार, ज्याला सगळे शेट म्हणतात. शेट दागिना कसोटीवर घासतात, वजन करतात, खड्यांचं वजन वजा करून निव्वळ वजन लिहितात. मग मॅनेजरची मंजुरी, क्लार्ककडे व्हाउचर आणि वचनचिठ्ठी, कॅशियरकडून पैसे, आणि शेवटी दागिन्यांचं सीलबंद पाकीट तिजोरीत.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी

आधी प्रश्न लिहून काढा. 'रांग कमी करायची आहे' ही इच्छा झाली. 'चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या दोन आठवड्यांत ग्राहक दीड तासाच्या आत बाहेर पडायला हवा असेल, तर शेटनी किती तास बसायला हवं?' हा प्रश्न झाला. प्रश्न नेमका असला की कुठला आकडा काटेकोर हवा आणि कुठला ढोबळ चालेल ते कळतं. इथे झेरॉक्सला दोन मिनिटं लागतात की तीन, यावर अर्धा दिवस घालवण्यात अर्थ नाही. शेटना एका दागिन्याला किती वेळ लागतो हे मात्र घड्याळ लावूनच बघायला हवं.

मग एक वही घ्या आणि दर टप्प्यापुढे तीन रकाने आखा: काम टेबलावर आलं ती वेळ, हातात घेतलं ती वेळ, हातावेगळं झालं ती वेळ. दुसऱ्यातून पहिली वजा केली की थांबणं, तिसरीतून दुसरी वजा केली की काम. साधारण तीस ग्राहकांची नोंद झाली की सुरुवातीला पुरते. ती एकाच दिवशी उरकू नका, महिन्याचा पहिला आठवडा आणि शेवटचा आठवडा दोन्ही बघा. आणि काउंटरवरच्या लोकांना आधी सांगून ठेवा की मोजमाप रांगेचं चाललंय, त्यांचं नाही. नाहीतर क्लार्क तुमच्यासमोर इतका भराभर हात चालवेल की तुमचा आकडा कधीच खरा येणार नाही.

वही कशाला, विचारलं तर कळेल की, असं वाटतं. विचारून बघा. क्लार्क म्हणेल, "दहा मिनिटांचं काम हो, पण अर्धा तास जातो." या एका वाक्यात दोन वेगळे आकडे आहेत. दहा मिनिटं ही प्रोसेसिंग टाइमच्या चौकटीत जातात. अर्धा तास कुठेच भरायचा नाही, कारण उरलेली वीस मिनिटं फाइल नुसती पडून होती. ती का पडून होती हे सॉफ्टवेअरने माणसांच्या संख्येवरून आणि गर्दीवरून काढायचं असतं.

तीस भरले तर काय होतं ते बघा. दिवसाला १२ ग्राहक धरले तर क्लार्कचं काम १२ गुणिले ३०, म्हणजे ३६० मिनिटं होतं. काउंटर उघडं असतं साडेनऊ ते दीड, म्हणजे २४० मिनिटं. सॉफ्टवेअर सांगणार, क्लार्क कमी पडतोय, आणखी एक नेमा. खऱ्या दहा मिनिटांनी हिशेब केला तर क्लार्क १२० मिनिटं, म्हणजे निम्मा वेळच कामात आहे. एका चुकीच्या चौकटीपायी संस्थेला एक पगार लागला असता. बीपीसिममध्ये तर ट्रान्सफर, क्यू, वेट, सेटअप, प्रोसेसिंग, व्हॅलिडेशन आणि रिवर्क अशी वेळेची सात वेगळी नावं आहेत. सुरुवातीला प्रोसेसिंग एवढंच भरा. बाकीच्यांची गरज पडेल तेव्हा पडेल.

पहिली पायरी: वाट बरोबर आहे का

सिम्युलेशन व्ह्यूमध्ये गेलात की पहिल्या पातळीवर दोनच गोष्टी विचारल्या जातात: सुरुवातीच्या गोलाला किती टोकन सोडायचे (एक टोकन म्हणजे मॉडेलमधला एक ग्राहक), आणि गेटवेतून कुठल्या वाटेने किती टक्के जायचे. मॅक्स अरायव्हल काउंटमध्ये १००० टाका. 'कागद पुरे आहेत?' या गेटवेवर 'हो' ला ८५ टक्के, 'नाही' ला १५ टक्के. एकच वाट निवडणाऱ्या गेटवेवर बेरीज १०० व्हायलाच हवी. समांतर गेटवेवर टक्के नसतातच, तिथून सगळ्या वाटा एकदम सुटतात.

चालवा आणि शेवटच्या गोलांवर किती टोकन पोचले ते मोजा. साधारण ८५० कर्ज होऊन बाहेर आणि १५० परत गेलेले, बेरीज १०००, असं दिसायला हवं. बेरीज हजाराच्या वर गेली तर बहुतेक वेळा कारण एकच: समांतर फोडलेल्या वाटा जोडताना समांतर गेटवेऐवजी साधा गेटवे लावलाय, त्यामुळे एका ग्राहकाचे दोन ग्राहक झालेत. बेरीज कमी भरली तर टोकन कुठेतरी अडकलाय. बहुधा समांतर जोडणी अशा वाटेची वाट बघतेय जी कधी येणारच नाही. इथे घाई करू नका. वाट चुकलेली असताना वेळ आणि माणसं भरत बसणं म्हणजे वाया गेलेला दिवस.

मागे वळणारी वाट असेल तर एक गुणाकार मनात ठेवा. मंजुरीच्या टेबलावरून ३० टक्के फाइली दुरुस्तीला परत जात असतील, तर एक फाइल तिथे सरासरी १ भागिले ०.७, म्हणजे सुमारे १.४३ वेळा येते. सॉफ्टवेअरला आठवण नसते, हेही ध्यानात असू द्या. तिसऱ्यांदा आलेली फाइलही त्याच्या लेखी ३० टक्क्यांनी परत जाऊ शकते. प्रत्यक्षात तोवर मॅनेजरच फोन करून काम उरकतो.

येणारे ग्राहक

दुसऱ्या पातळीवर अरायव्हल इंटरव्हल, म्हणजे दोन ग्राहकांमधलं अंतर. २४० मिनिटांत १२ ग्राहक, म्हणजे सरासरी २० मिनिटं. इथे नुसतं 'कॉन्स्टंट २०' टाकलंत तर माणसं एसटीच्या वेळापत्रकासारखी वीस-वीस मिनिटांनी येतील आणि रांग जवळजवळ दिसणारच नाही. माणसं तशी येत नाहीत. तिघं एकदम येतात, मग पाऊण तास कुणी नाही. एकमेकांशी संबंध नसलेली माणसं आपापल्या वेळेला येतात तेव्हा मधल्या अंतराला निगेटिव्ह एक्स्पोनेन्शियल वितरण (आकडे सरासरीभोवती कसे पसरतात त्याचा नमुना) लागू पडतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या ए. के. अर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये फोन कॉलच्या बाबतीत हेच दाखवलं होतं. यात आकडा एकच भरायचा, सरासरी २०.

आता खरी पाचर. हे १२ कोण? दारातल्या टोकनच्या वहीतून घेतलेत, तर काल कागद कमी म्हणून परत गेलेला माणूस आज पुन्हा त्यातच मोजला गेलाय. अशा वेळी 'नाही' ची वाट सरळ शेवटाच्या गोलाकडे न्या. पण नवीन माणसंच मोजली असतील, तर परत गेलेला टोकन चित्रात पुन्हा सुरुवातीला यायला हवा. दोन्ही एकदम केलंत तर एकाच माणसाला दोनदा रांगेत उभं केलंत. हा फरक बारीक वाटतो, पण शेवटी तोच उत्तर फिरवतो. ते पुढे येईलच.

मॅक्स अरायव्हल काउंटकडेही पुन्हा एकदा बघा. पहिल्या पातळीवरचे १००० आता कालावधीशी जुळायला हवेत. महिनाभराचं सिम्युलेशन आणि काउंट १०० असेल, तर नवव्या दिवशी ग्राहक यायचे बंद होतील आणि उरलेला महिना संस्था रिकामी दिसेल.

कामाचा वेळ

वहीत पुरेशा नोंदी असतील तर त्यांवरून वितरण बसवता येतं. नसतील तर ट्रँग्युलर वापरा, नवख्यासाठी तेच सोयीचं. तीन प्रश्न विचारायचे: कमीत कमी किती, बहुतेक वेळा किती, जास्तीत जास्त किती. शेट म्हणाले, साधी बांगडी असली तर ८, एरवी १२, आणि खड्यांचा जुना हार आला तर ३०. या तिघांची सरासरी ५० भागिले ३, म्हणजे १६.७ मिनिटं. शेटच्या तोंडचा आकडा १२ होता. 'बहुतेक वेळा' ला सरासरी समजून कॉन्स्टंट १२ टाकलं असतं, तर दर ग्राहकामागे पावणेपाच मिनिटं गायब झाली असती, आणि तीही नेमकी जिथे रांग लागते तिथे.

नॉर्मल वितरण कॉलेजात शिकलेलं असतं म्हणून हात तिकडे जातो. सरासरी ५ आणि विचलन ४ असं काही भरलंत तर अधूनमधून शून्याखालची मिनिटं निघतात. नॉर्मलच हवं असेल तर ट्रंकेटेड नॉर्मल घ्या, त्यात किमान आणि कमाल बांधून देता येतं. आणि सिनॅरिओच्या (भरलेल्या आकड्यांच्या एका संचाच्या) सेटिंगमधलं वेळेचं एकक तपासा. मिनिटं समजून तास भरलेलं मॉडेल कुरकुर न करता चालतं.

माणसं आणि पैसा

तिसऱ्या पातळीवर रिसोर्स: क्लार्क १, शेट १, मॅनेजर १, कॅशियर १. नावं माणसांची नकोत, कामांची द्या. मग कुठल्या कामाला कोण लागतं ते जोडा. तिजोरीच्या टप्प्याकडे नीट लक्ष द्या. तिजोरीला दोन किल्ल्या, एक मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे. म्हणजे हे काम दोघंही मोकळे असल्याशिवाय सुरू होत नाही. जोडताना 'अँड' निवडा. 'ऑर' राहिलं तर मॉडेलमध्ये एकटा कॅशियर तिजोरी उघडत बसेल, आणि ऑडिटर ते बघणार नाही म्हणून वाचाल एवढंच.

खर्चाच्या चौकटी दोन असतात: तासाचा खर्च आणि दर वापरामागचा ठोक खर्च. क्लार्कचा पगार २४,००० धरला, महिन्याचे २५ दिवस, रोजचे ८ तास, तर तासाला १२० रुपये. शेट पगारी नाहीत, त्यांना दर मूल्यांकनामागे फी मिळते. म्हणून त्यांचा आकडा ठोक खर्चाच्या चौकटीत जातो आणि तासाची चौकट शून्य राहते.

बटण दाबण्याआधी कागदावर एक हिशेब करा. १२ पैकी ८५ टक्के, म्हणजे दिवसाला सरासरी १०.२ दागिने शेटकडे जातात. गुणिले १६.७, म्हणजे १७० मिनिटं. शेट साडेदहा ते दीड बसतात, म्हणजे १८० मिनिटं. वापर ९४ टक्के. मॅनेजमेंटला ९४ टक्के ऐकून बरं वाटतं, माणूस रिकामा बसत नाही. रांगेच्या गणितात तो धोक्याचा आकडा आहे. एकच माणूस, येणं आणि काम दोन्ही अनियमित, अशा सगळ्यात साध्या सूत्राने ८० टक्के वापराला थांबणं कामाच्या चौपट होतं, ९० टक्क्यांना नऊपट. आपलं काउंटर रोज दीडला बंद होतं आणि शेटच्या कामाचा वेळ इतका विस्कळीत नाही, त्यामुळे आकडे हुबेहूब येणार नाहीत. कल मात्र हाच राहील. चवथीच्या आधी ग्राहक १६ झाले तर शेटचं काम २२७ मिनिटांवर जातं आणि उपलब्ध तर १८० च आहेत. तिथे रांग लांबत नाही, ती दुसऱ्या दिवसावर पडते.

कॅलेंडर

बरेच जण तिसऱ्या पातळीवर थांबतात, आणि आपल्याकडे तिथेच फसगत होते. कॅलेंडर न भरल्यास सॉफ्टवेअरच्या लेखी शेट चोवीस तास, रविवारसुद्धा हजर. मग बाकी सगळं बरोबर असूनही रांग नाहीशी होते.

क्लार्क आणि कॅशियर साडेनऊपासून, शेट साडेदहापासून, अशी वेगळी कॅलेंडर बनवा. मग मॉडेलमध्येही ते दृश्य दिसू लागतं जे बाकावर बसलेल्या माणसाला रोज दिसतं: सव्वादहाला दोन-तीन जण कागद पुरे करून बसलेत आणि क्लार्क सांगतोय, "शेट अजून आले नाहीत." दुपारची विश्रांती, रविवार, सुट्ट्या इथेच. चवथीसाठी वेगळं कॅलेंडर करा. त्या दिवसांत ग्राहकांचं अंतर वेगळं असतं, आणि शेटचं स्वतःचं दुकान गजबजलेलं असल्यामुळे ते अर्धा तास उशिरा येण्याचीच शक्यता जास्त. बीपीसिममध्ये एकाच पॅरामीटरला वेगवेगळ्या कॅलेंडरसाठी वेगवेगळी किंमत देता येते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नीट हाताळता येत नसेल तर सरळ दुसरा सिनॅरिओ करा.

चवथीचं आणखी एक. त्या आठवड्यात दागिने ठेवायला येतात तसे अंगावर घालायला सोडवून न्यायलाही येतात. सोडवणूक आपल्या चित्रात नाही, पण तिजोरीच्या किल्ल्या त्याच दोघांकडे आहेत. सोडवणुकीची छोटी प्रोसेस जोडा, ते जमत नसेल तर मॅनेजर आणि कॅशियरच्या कॅलेंडरमधून रोजचा तासभर कापा. नाहीतर कागदावर मॅनेजर निवांत आणि प्रत्यक्षात डोकं वर काढायला फुरसत नाही.

निकाल वाचताना एक खूण लक्षात असू द्या. दीडला सुटी झाली तेव्हा शेटच्या हातात हार असेल तर काही सॉफ्टवेअर ते काम तिथेच थांबवून दुसऱ्या दिवशी साडेदहाला पुढे चालू करतात. मग त्या मूल्यांकनाला एकवीस तास लागलेले दिसतात आणि सरासरी फुगते. म्हणून सरासरीबरोबर कमाल वेळही बघत जा.

चालवणं आणि ताळा

कालावधी एक महिना घ्या. रेप्लिकेशन, म्हणजे त्याच महिन्याच्या फेऱ्या, निदान ३०, कारण एकाच फेरीचं उत्तर हा एका महिन्याचा योगायोग असतो. सीड म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात. दोन सिनॅरिओंची तुलना करताना तो सारखाच ठेवा, म्हणजे फरक तुमच्या बदलामुळे पडलाय की नशिबाने, हे वेगळं करता येतं. चलन रुपये केलंय ना, तेही बघा.

मग वहीतला तो बाजूला ठेवलेला रकाना काढा, थांबण्याचा. मॉडेलमधलं थांबणं त्याच्या जवळपास आलं पाहिजे. जॉन लिटलने १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे हाताशी धरा: आत असलेली सरासरी माणसं म्हणजे येण्याचा दर गुणिले आत राहण्याचा वेळ. ताशी ३ जण येतात आणि प्रत्येक जण ८० मिनिटं आत असतो, तर कुठल्याही क्षणी आत सरासरी ४ माणसं. तुम्ही बाकावर नेहमी सात-आठ बघताय आणि मॉडेल दोन म्हणतंय, तर काहीतरी सुटलंय. बहुतेक वेळा ते कॅलेंडर असतं किंवा चित्रात नसलेलं दुसरं काम. ताळा जमेपर्यंत सुधारणांकडे वळूच नका. आणि ताळा जमवण्यासाठी कामाच्या वेळा हव्या तशा ओढूनताणून बसवू नका. ते मॉडेल आजचं उत्तर देईल, उद्याचं नाही.

ताळा जमला की व्हॉट-इफ, म्हणजे 'असं केलं तर काय होईल' ते बघणं. दर वेळी मूळ सिनॅरिओची प्रत घ्या आणि एकच गोष्ट बदला. दुसरा क्लार्क दिला तर रांग जवळपास तितकीच राहील, फक्त ती क्लार्कपुढून शेटपुढे सरकेल. शेट साडेनऊला येऊ लागले तर उपलब्ध वेळ २४० मिनिटं होतो आणि वापर ९४ वरून ७१ टक्क्यांवर येतो. बाकावरचा फरक पहिल्या दिवशीच दिसेल इतका हा बदल आहे. चवथीच्या १६ ग्राहकांना मात्र तोही काठावरच पुरतो, २२७ मिनिटं काम आणि २४० उपलब्ध.

तिसरी सुधारणा सगळ्यांना सुचते: कागदांची यादी आधीच व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे परत जाणारे १५ वरून ५ टक्क्यांवर येतील. 'नाही' ची वाट शेवटाकडे नेलेल्या मॉडेलमध्ये गेटवे बदलून चालवा. शेटकडे आता ११.४ दागिने, १९० मिनिटं काम, १८० उपलब्ध. सुधारणा केली आणि रांग हाताबाहेर गेली! पण दारातले १२ मोजताना त्यात परत आलेलेही होते. नवीन माणसं मुळात १०.२ च होती. परत जाणारे कमी झाले की दारातली गर्दीच १०.७ च्या आसपास उतरते आणि शेटचं काम १७० वरच राहतं. म्हणून गेटवेचा टक्का बदललात की अरायव्हल इंटरव्हलही २० वरून सुमारे २२.४ मिनिटं करा, आणि अहवालात त्या आकड्याशेजारीच लिहा की ग्राहक दारात मोजले की नवीन तेवढेच.